उतरायला किती वेळ?

शुक्रवारी रात्री नऊनंतर फोन वाजला की पलीकडचा प्रश्न मला बहुतेक वेळा आधीच ठाऊक असतो. "रविवारी कुठे जाऊ? जवळचं काहीतरी सांग." विचारणारे डोंबिवलीचे, ठाण्याचे, मुलुंडचे, कधी थेट पार्ल्याचे. कुणी पोरांना घेऊन निघालेला असतो, कुणी ऑफिसातल्या सात-आठ जणांचा म्होरक्या झालेला असतो, कुणाला नव्या गाडीला घाट दाखवायचा असतो. मी एखादं नाव सांगतो आणि फोन ठेवल्यावर चुटपुट लागते. कुठून जवळचं, कशाने जवळचं, कोणत्या महिन्यात जवळचं, यातलं काहीच मी विचारलेलं नसतं. अशा दिलेल्या नावाला सल्ला म्हणायचं की चिठ्ठी काढणं म्हणायचं, हा प्रश्नच आहे. त्या सगळ्या अर्ध्यामुर्ध्या उत्तरांची फेड म्हणून हे पुस्तक लिहिलं.

शहापूर आणि मुरबाड हे दोनच तालुके का, असं पुष्कळांनी विचारलं. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला आणि ठाण्याकडे सात तालुके उरले. त्यातल्या पाचांमध्ये शहर कुठे संपतं ते आता सांगता येत नाही. सह्याद्रीची भिंत मात्र याच दोघांच्या पूर्वेला उभी आहे. उत्तरेला कसाऱ्याचा घाट, दक्षिणेला सिद्धगड-भीमाशंकरचं रान, आणि मधल्या सलग कड्यात आजोबा, कोकणकडा, माळशेज, नाणेघाट, दाऱ्या घाट, आहुपे. भिंतीपासून सुटून पश्चिमेला एकटा पडलेला माहुली. मुंबईहून सकाळी निघून रात्री घरी जेवायला पोचता येईल असा इतका डोंगर दुसरीकडे सलग नाही. कर्जतकर या विधानावर भांडतील. त्यांनी भांडावं.

माझा एक भाचा टोरांटोत असतो. तिकडची मराठी पोरं हिवाळ्यात बर्फावर घसरायला जातात. पायांना दोन पट्ट्या बांधल्या तर स्की, एकाच फळीवर उभं राहिलं तर स्नोबोर्ड. त्यांचाही शुक्रवारचा प्रश्न तोच असतो, की गाडीने दोन तासांत कुठे? उत्तर बहुधा कॉलिंगवूडजवळचं ब्लू माउंटन. पहिल्यांदा भाच्याने त्याची उंची सांगितली तेव्हा मी हसलो होतो. वरपासून खालपर्यंत सगळा उतार ७२० फुटांचा. आमच्या माहुलीला पायथ्याच्या गावातून वर जायचं तर त्याच्या तिप्पट चढ आहे, आणि तोही पायांनी. त्यांना पाळण्यात बसवून वर नेतात. पण मग त्याने तिथली व्यवस्था सांगितली आणि माझं हसू ओसरलं. प्रत्येक उताराच्या तोंडाशी पाटी असते. हिरवं वर्तुळ असेल तर नवख्याने जावं, निळा चौकोन असेल तर थोडं जमणाऱ्याने, आणि पत्त्यातल्या चौकटीसारखी काळी खूण असेल तर मुरलेल्यानेच. बर्फ बिघडला की तो उतार दोरी लावून बंद करतात. पाळणा थांबण्याची वेळ ठरलेली असते, आणि शेवटी गस्तीवाले वरून खाली येत कुणी मागे राहिलं नाही ना ते बघतात. थोडक्यात, डोंगर उघडणारा आणि बंद करणारा कुणीतरी असतो.

आपल्याकडे डोंगर बंद करणारा कुणी नाही. पावसाळ्यात धबधब्यांवर, माळशेजसारख्या घाटात जिल्हाधिकाऱ्यांचा बंदीहुकूम निघतो, अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याचं नाकं असतं, तेवढंच. बाकी बारा महिने, चोवीस तास, पहिलीतल्या पोरापासून सत्तरीच्या आजोबांपर्यंत सगळ्यांना गोरखगडाचा सुळका सारखाच उघडा. हिरवं वर्तुळ कुठे आणि काळी चौकट कुठे, हे ज्याचं त्यानेच ठरवायचं, आणि एखाद्या रविवारी एखादा डोंगर आपल्यापुरता बंदही त्यानेच करायचा. डोंगर निवडणं म्हणजे मुख्यतः हे बंद करणं. या पुस्तकात मी जे काही सांगणार आहे ते फिरून फिरून इथेच येतं.

त्यासाठी आधी हा डोंगर बनला कसा ते थोडं बघावं लागतं. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा, थरावर थर. आज आपल्याला दिसतो तो त्या थरांचा चिरलेला काठ. टणक थर कड्यासारखा उभा राहतो, मऊ थर झिजून त्याची आडवी पट्टी होते, तिच्यावर माती धरते, झाडी येते, आणि पुन्हा वर कडा. म्हणून आपला कुठलाही डोंगर चढताना तोच क्रम लागतो: दमवणारा चढ, मग जरा सपाटीची माची, मग अचानक समोर कातळ. नवखा माणूस माचीवर पोचला की "झालं आता" म्हणतो. झालेलं नसतं. उरलेलं थोडं असतं पण तेच अवघड असतं.

यातून वाट निवडायचा एक ढोबळ नियम निघतो. डोंगराचा जो दांडा सोंडेसारखा खाली उतरलेला असतो, त्या सोंडेवरून जाणारी वाट लांबते पण सांभाळून नेते. दोन सोंडांमधून पाणी जिथून उतरतं ती नाळ. नाळेची वाट नकाशावर आखूड दिसते, पण तिच्यात दगड सैल असतात, आणि वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड थेट खालच्याच्या डोक्याकडे येतो. थरांच्या भेगांमधून वर आलेला लाव्हा कुठे कुठे उभ्या भिंतीसारखा गोठला. कल्याणहून माळशेजकडे जाताना मोरोशीजवळ उजवी-डावीकडे न बघताही जी काळी पातळ भिंत डोळ्यांत भरते, तो भैरवगड अशीच एक भिंत आहे. तिच्यावर जुन्या पायऱ्या आहेत, पण मधल्या कितीतरी तुटल्या. दोर, हार्नेस आणि ते वापरता येणारी माणसं सोबत असतील तरच तिकडे जायचं.

आणि इथे नावांचा घोळ सुरू होतो. भैरवगड नावाचे किल्ले महाराष्ट्रात अनेक. पलीकडे अकोले तालुक्यात शिरपुंज्याचा भैरवगड आहे, तो घरच्यांना घेऊन जाण्यासारखा. माझ्या ओळखीच्या एका मंडळाने त्याचं वर्णन वाचलं, मोबाइलच्या नकाशात "भैरवगड" टाकलं आणि पहाटे मोरोशीच्या भिंतीखाली येऊन उभे राहिले. सोबत दोन शाळकरी मुलं आणि पोह्यांचे डबे. ते शहाणे होते, भिंतीकडे बघून खालीच डबे उघडले. माहुलीचंही तसंच, साताऱ्याजवळ संगम माहुली आहे, ती वेगळी. म्हणून या पुस्तकात प्रत्येक नावाआधी पायथ्याचं गाव छापलं आहे. मोरोशीचा भैरवगड, देहरीचा गोरखगड, डेहण्याचा आजोबा. गावकरी तसंच बोलतात, आणि त्यांचंच बरोबर आहे.

आता अंतराकडे. शहापूरचा तालुका रेल्वेवर आहे. मुंबईहून माहुलीला जायचं तर आसनगाव, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ८६ किलोमीटर. पुढे आटगाव, खर्डी आणि १२१ किलोमीटरवर कसारा, जिथे लोकल संपते आणि १८६५ साली उघडलेला थळ घाट सुरू होतो. इतका खडा चढ, की अजून गाड्यांना मागून जादा इंजिनं लावून ढकलावं लागतं. मुरबाडला मात्र रेल्वे नाही. तिकडच्या रेल्वेविषयी माझ्या लहानपणापासून ऐकतो आहे. कल्याणहून तीसेक किलोमीटरवर मुरबाड, आणि तिथून एसटी, जीप किंवा स्वतःची गाडी. त्यामुळे शहापूरचा डोंगर लोकलच्या वेळापत्रकावर चालतो आणि मुरबाडचा डोंगर मुरबाडच्या एसटी स्टँडवर. कल्याणच्या पुढे कसाऱ्याच्या गाड्या विरळ होतात. एक चुकली तर फलाटावर तासभर. गाववस्तीला जाणारी शेवटची एसटी तर संध्याकाळीच येऊन मुक्कामाला थांबते, परत जात नाही. ते आपल्या उपयोगाचं नाही, तिच्यातून उतरणाऱ्यांच्या उपयोगाचं आहे.

५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा तुकडा खुला झाला, तोही शहापूर तालुक्यातूनच जातो. तेव्हापासून मला येणाऱ्या फोनमध्ये एक नवा सूर आला आहे: "आता तर अगदीच जवळ झालं ना?" गाडीचा तास कमी झाला हे खरं. पण डोंगराचा एक मिनिटही कमी झालेला नाही. उलट लवकर पोचू या भरवशावर लोक उशिरा निघतात. पूर्वी पहिली लोकल धरणारा माणूस साडेसातला पायथ्याशी असायचा. आता चहा-नाश्ता करून गाडी काढणारा दहाला पोचतो, आणि ऐन उन्हात चढ सुरू करतो.

माझी स्वतःची अद्दल माहुलीवरचीच आहे, त्यामुळे तिच्याविषयी जरा सविस्तर लिहायला हवं. माहुली हा एक गड नाही, एकाच डोंगरावरचे तीन आहेत: उत्तरेला पळसगड, मध्ये माहुली, दक्षिणेला भंडारगड. रस्त्यावरून जे सुळके दिसतात, नवरा-नवरी-भटजी, तो सगळा लग्नमंडप भंडारगडाच्या बाजूला. इतिहासाच्या दृष्टीने हा गड लहानसहान नाही. निजामशाही टिकवण्याची शहाजीराजांची धडपड १६३६ साली याच गडाच्या वेढ्यात संपली. पुढे १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांकडे गेला आणि १६७० मध्ये स्वराज्यात परत आला. हे सगळं मला तेव्हाही पाठ होतं. पाठ नव्हतं ते पंचांग.

डिसेंबरचा पहिला आठवडा. आम्ही चौघे. साडेअकराला चढायला लागलो, शिडी चढून माथ्यावर अडीचला. खरं तर तिथेच डबे खाऊन मागे वळायचं. पण माथा झाडीने भरलेला आणि थंडगार, टाक्यात पाणी, आणि भंडारगडावरून सुळके जवळून दिसतात असं मीच रस्ताभर सांगत आलेलो. गेलो. तिकडचं बघून शिडीपाशी परत आलो तेव्हा सव्वापाच झाले होते. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. उघड्या माळावर त्यानंतरही अर्धा तास दिसतं. माहुलीखालच्या रानात सूर्य मावळण्याआधीच अंधार होतो. खालच्या टप्प्यात ओढ्याशी आलो आणि वाटेला चार फाटे फुटलेले दिसले. सगळे सारखेच मळलेले, कारण तीन ढोरांनी पाडलेले होते आणि एक माणसांनी. आमच्याकडे चौघांत एक टॉर्च. दोन तास त्या ढोरवाटांवर फिरलो. शेवटी एका माणसाने आमची बॅटरी बघून लांबून हाक दिली. तो लाकडाची मोळी घेऊन घरी निघाला होता. वाट कुठे असं विचारल्यावर म्हणाला, "हे काय, इथंच." त्याच्या मागून चालताना लक्षात आलं, की आम्ही गेला पाऊण तास गावापासून तंबाखूच्या एका बाराच्या अंतरावर गोल गोल फिरत होतो. काही झालं नाही. गाडी चुकली, घरी बोलणी खाल्ली, एवढंच. पण त्या दिवशी वाटेवर कडा असता तर ही प्रस्तावना दुसऱ्याने लिहिली असती आणि ती माझ्याविषयी असती.

तेव्हापासून मी डोंगर उलट्या दिशेने निवडतो. आधी परतीची गाडी, तिच्यातून स्टेशनापर्यंतचा वेळ वजा, मग उतार, मग माथ्यावरचा वेळ, मग चढ, मग घरापासून पायथ्यापर्यंतचा प्रवास. आणि जे शिल्लक राहतं ती घरून निघायची वेळ. ती पहाटे तीन निघाली तर तो डोंगर त्या रविवारी बंद.

महिन्यांची गोष्ट वेगळीच. जून ते सप्टेंबर शहरातून जी गर्दी येते ती पाण्यासाठी येते, आणि यायलाही हवी, कारण या दिवसांत हा कडा जसा दिसतो तसा जगात फार थोड्या ठिकाणी काही दिसत असेल. नाणेघाटावर पश्चिमेचा वारा एवढ्या जोराने आदळतो, की कड्यावरून पडणारं पाणी खाली जाण्याऐवजी उडून वर येतं. पण शेवाळलेला कातळ आणि तुडुंब ओढा यांच्याशी हुज्जत घालता येत नाही. सकाळी घोट्यापर्यंत असलेला ओढा दुपारी कमरेपर्यंत येतो, आणि त्याचं कारण तुमच्या डोक्यावर पडणारा पाऊसच असेल असं नाही. तो वर घाटमाथ्यावर पडलेला असतो. पावसाळ्यासाठी माझं मत स्पष्ट आहे: ज्या वाटेवर जाता-येता ओढा पार करावा लागतो ती वाट नाही. नाणेघाट चालेल. गोरखगडाच्या सुळक्याखालपर्यंत चालेल, सुळका नाही. ऑक्टोबरात गवत छातीएवढं, ऊन कडक आणि सोनकीची पिवळी पठारं. फोटोला उत्तम, चालायला बरं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा मोसम, दिवस लहान एवढं ध्यानात ठेवलं तर. मार्चपासून वणवे. कारवी वाळून काड्या झालेल्या असतात, टाक्यांचं पाणी हिरवं, आणि कड्यांवर आग्या मोहोळं. अंगाला अत्तर फासून, स्पीकर वाजवत त्यांच्याखालून जाणाऱ्यांना मी पाहिलं आहे. मधमाशांनीही पाहिलं होतं.

कारवीचं नाव निघालंच आहे तर, ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि फुलून मरते. इथल्या ठाकर-कातकऱ्यांच्या घरांच्या कुडाच्या भिंती तिच्याच काठ्यांच्या. त्या वर्षी डोंगर जांभळा होतो आणि फोन दुप्पट येतात.

मला विचाराल तर पहिल्यांदा येणाऱ्याने नाणेघाट निवडावा. मुरबाड-टोकावडे-वैशाखरेच्या पुढे माळशेज रस्त्यावरच वाट सुटते, शोधावी लागत नाही. वाट दोन हजार वर्षांची आहे आणि व्यापारासाठी बांधलेली आहे. बैलं आणि ओझी वाहणारी माणसं तिच्यावरून जायची, म्हणजे चढ माणसाच्या दमाचा विचार करून पाडलेला आहे. कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल याच वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणला जाई. वर खिंडीच्या तोंडाशी गुहा आहे. तिच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख: कोणते यज्ञ केले, दक्षिणेत किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दिले, त्याचा हिशेब. आपल्याकडच्या अंकांच्या फार जुन्या खुणा या हिशेबात सापडतात. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता फक्त त्यांची नावं आणि कुठे कुठे पावलं उरली आहेत. खिंड ओलांडली की दगडी रांजण, त्यात जकातीची नाणी टाकत असं सांगतात. रविवारी त्यात वेफरची पाकिटं असतात.

गोरखगड दुसऱ्या वेळेसाठी. मुरबाडहून म्हसामार्गे देहरीला जायचं. पौष पौर्णिमेला म्हशाच्या खांबलिंगेश्वराची जत्रा भरते, गुरांचा मोठा बाजार लागतो. त्या दिवसांत गाडी त्या रस्त्याने काढायची असेल तर डोंगर बघण्याचा बेत सोडून सरळ जत्रेतच उतरावं, जास्त मजा येते. गोरखगडावर खडकात खोदलेली प्रशस्त गुहा आहे, समोर चाफे, आणि दरीपलीकडे मच्छिंद्रगडाचा सुळका. नाथपंथीयांची ही जागा. गुहेपर्यंत धडधाकट माणूस सहज जातो. तिच्यावरच्या सुळक्याला कातळात पायऱ्या आहेत, चढताना त्या पुरेशा वाटतात. उतरताना त्याच पायऱ्या दिसत नाहीत, कारण पाय कुठे ठेवायचा ते स्वतःच्या पोटाआड जातं. या पुस्तकात गोरखगडाला दोन वेगळ्या नोंदी आहेत, गुहा आणि सुळका, आणि दोन वेगळ्या श्रेणी.

सिद्धगड शेजारीच आहे, पण मी त्याला सहलीच्या यादीत घालताना दोनदा थांबलो. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या रानात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. वकिली सोडून, विजेचे मनोरे पाडणारं पथक घेऊन कोतवाल हा माथेरानचा माणूस याच जंगलात लपला होता. दर वर्षी त्या तारखेला लोक तिथे जमतात. तुम्हीही जमलं तर तेव्हाच जा. वाट दाखवायला माणसं भरपूर असतात आणि कशासाठी चाललो आहोत हेही आपोआप कळतं.

डेहण्याच्या आजोबा पर्वताची गोष्ट मला सोडवत नाही. वाल्मिकींचा आश्रम तिथे होता, वरच्या गुहेत सीतेने लव-कुशांचा पाळणा बांधला होता, आणि मुलं वाल्मिकींना आजोबा म्हणत म्हणून डोंगराचं नाव आजोबा, अशी इथली समजूत. पण याच नावाचा एक बिबट्याही होऊन गेला. २००९ साली नगर जिल्ह्यात विहिरीत पडलेला एक वयस्क नर वाचवून, गळ्यात पट्टा बांधून माळशेजजवळ सोडला. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला नाव दिलं आजोबा. तो महिन्याभरात सव्वाशेएक किलोमीटर चालत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे पोचला. त्याच्यावर २०१४ मध्ये सुजय डहाकेंचा चित्रपट आला. आपण मुंबईहून माळशेजला जायला डोंगर निवडत बसतो, तो माळशेजहून मुंबईला रात्री चालत गेला आणि वाटेत कुणाला फारसा दिसलाही नाही.

आता पाण्याविषयी, आणि हे लिहिणं मी बराच काळ पुढे ढकललं. तानसा धरण १८९२ चं. वैतरणेवरचं मोडकसागर स्वातंत्र्यानंतरचं. मग भातसा, जे आज मुंबईच्या नळांना जवळपास निम्मं पाणी देतं. शहापूर तालुका या तिन्ही पाण्यांच्या मधोमध आहे. आणि एप्रिलमध्ये त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो. ट्रेकला आलेला शहरातला माणूस दोन बाटल्या संपवून पाड्यावरच्या बाईकडे पाणी मागतो. ती देते. तांब्याभर मागितलं तर हंडा पुढे करते. तिने तो हंडा कुठून आणला हे विचारायचं आपल्याला सुचत नाही. मलाही फार वर्षं सुचलं नाही. म्हणून प्रत्येक नोंदीत घरून किती लिटर घेऊन निघायचं ते दिलं आहे आणि मार्च ते जून तो आकडा वाढवला आहे. पाड्यावर जेवण सांगा, भाकरी-पिठलं-ठेचा उत्तम मिळतं, पैसे ठरवून द्या, गावातला वाटाड्या घ्या. पाणी मात्र आपलं आपण आणा.

काय नाही तेही सांगतो. बेलपाड्याहून कोकणकड्यावर जाणारी नळीची वाट या पुस्तकात नाही. सांदण दरीतून डेहण्याला उतरणंही नाही. दोन्ही मी केलेलं आहे, दोन्ही अप्रतिम आहे, आणि दोन्हींचं वर्णन वाचून कुणी निघावं असं मला वाटत नाही. तिथे अनुभवी माणसाबरोबर जायचं असतं, आणि अनुभवी माणसाला या पुस्तकाची गरज नाही. बेलपाड्यात मुक्काम करून खालून कोकणकडा बघण्याची नोंद मात्र घातली आहे. संध्याकाळी त्या अर्धगोल भिंतीवर शेवटचं ऊन येतं तेव्हा वर जायची इच्छा असणाऱ्यांचीही जाते, निदान माझी गेली. पन्नास-पन्नास माणसांची बस भरून नेणाऱ्या ट्रेकविषयीही इथे काही नाही. अशा एका बसमधून मी एकदा गेलो होतो, शिडीखाली सव्वा तास रांगेत उभा राहिलो, पुढच्या माणसाचे बूट मला अजून आठवतात.

हस्तलिखित पुरं झाल्यावर मी ते शहापूरकडच्या एका ओळखीच्या वाटाड्याला वाचून दाखवलं. तो माझ्याहून वयाने मोठा, मी त्याला भाऊ म्हणतो. पहिल्या तीन नोंदी त्याने मुकाट ऐकल्या. मी प्रत्येक ठिकाणी "चढायला अडीच तास", "चढायला तीन तास" असं लिहिलं होतं. चौथ्या नोंदीला त्याने विचारलं, "आन् उतराया?" उतरायला काय, कमीच लागतो, असं मी म्हणालो. त्याने माझ्या गुडघ्याकडे बघितलं, काही बोलला नाही. माहुलीवरची एवढी अद्दल घडूनही लिहिताना मी चढच मोजत बसलो होतो. मग सगळ्या नोंदी पुन्हा लिहिल्या. आता प्रत्येक पानावर उतरायचा वेळ आधी आहे, चढायचा नंतर.

आणखी एक बदल त्याने सांगितला. त्याच्या पाड्याच्या वर एक टेकाड आहे, चढायला सोपं, वरून धरणाचं पाणी दिसतं, लहान मुलांना न्यायला अगदी योग्य; मी ते मोठ्या कौतुकाने लिहिलं होतं. त्याच्या निम्म्या चढावर एक झरा आहे, आणि होळीनंतर तो पाडा त्याच्यावरच असतो. "येवढा तेवढा काढून टाक," तो म्हणाला. ती नोंद सतराव्या क्रमांकावर होती. तोवर बाकीच्या पानांवर सगळे क्रमांक घालून झाले होते, म्हणून ते बदलले नाहीत. अनुक्रमणिकेत सोळानंतर एकदम अठरा येतो, ती छपाईची चूक नाही.